छंदाचा वेळ कोणाच्या नावे?



‘लिहायची फार इच्छा आहे हो, पण संसारातून वेळच मिळत नाही.’ जयंतीच्या तयारीच्या बैठकीत, विहारात, अपडाउनच्या गाडीत हे वाक्य हमखास कानावर पडते. कोणी कविता करतो, कोणी आठवणी लिहायला घेतो, कोणी गावोगावच्या वृद्धांचे फोटो काढतो. पुढे वही अर्ध्यावर थांबते, फोटो मोबाइलमध्येच पडून राहतात आणि सगळा दोष संसारावर ढकलला जातो. आज या तक्रारीकडे जरा हिशेबनिसाच्या नजरेने पाहू या.

भुसावळ-जळगाव किंवा चाळीसगाव-धुळे अपडाउन करणाऱ्या एखाद्या नोकरदाराचा दिवस घ्या. झोपेचे सात तास, कचेरी आणि प्रवासाचे दहा. आंघोळ, जेवणखाण, बाजारहाट यांचे तीन. मुलांचा अभ्यास आणि मंडळाचे काम यांचे दोन. एकूण बावीस. म्हणजे दोन तास शिल्लक राहतात. ते टीव्ही आणि मोबाइल खातो, हा भाग वेगळा. पण कागदावर तरी शिल्लक दिसते.

आता त्याच घरातल्या नोकरदार भगिनीचा दिवस मांडा. झोप, नोकरी, मुले, मंडळ हे तिलाही आहेच. त्यात दोन वेळचा स्वयंपाक, धुणीभांडी, सासू-सासऱ्यांची औषधे. नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर पहाटेची झोपही गेली. तिच्या हिशेबात शिल्लक शून्यसुद्धा निघत नाही, उणे निघते. ते उणे ती झोपेतून भरून काढते.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी द्विनोंदी पद्धत शिकवतात. एका खात्यात रक्कम जमा झाली की ती दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडलीच पाहिजे. छंदाचेही तसेच आहे. रविवारी सकाळी गृहस्थ कॅमेरा गळ्यात अडकवून लळिंगच्या किल्ल्यावर जातात, त्या वेळी घरात कोणीतरी त्यांच्या वाटचे काम करीत असते. कवी महाशय रात्री बारापर्यंत लिहितात, तेव्हा चहा कोण करते? कॅमेऱ्याचा हप्ता कोणत्या खर्चाला कात्री लावून भरला जातो? छंद वाईट असे मुळीच नाही. पण त्याची दुसरी नोंदही लिहा, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या खान्देशात याचा मोठा दाखला आहे. बहिणाबाई चौधरी 1880 साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मल्या. अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचत गेल्या, कारण काम हाताला होते आणि मोकळे होते ते फक्त मन आणि गळा. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी काही गाणी उतरून घेतली, म्हणून ती राहिली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. परंतु जी गाणी कोणी उतरून घेतली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. घरातल्या एकाने पेन हातात घेतले, त्याची ही किंमत आहे.

दुसरा दाखला आपल्या समाजातला. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवीत, मुलेबाळे वाढवीत, चळवळीतही वावरत. ‘जिणं आमुचं’ त्यांनी लिहिले, पण ते लिखाण सुमारे वीस वर्षे घरच्यांच्या नजरेआड लपवून ठेवले. पुस्तक आले 1986 मध्ये. ज्या पुस्तकाने आपल्या बायाबापड्यांचे जिणे जगासमोर ठेवले, ते आपल्याच घरात लपवावे लागले! बाहेरचा अन्याय आपण चटकन ओळखतो. घरातल्या या गोष्टीला मात्र रीत म्हणतो.

तिसरा दाखला छायाचित्रणाचा. चाळीसगावचे केकी मूस (1912 ते 1989) रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात राहून कला करीत. आयुष्याची कितीतरी दशके ते घराबाहेर क्वचितच पडले. घरातल्याच साध्या वस्तू टेबलावर मांडून, प्रकाश साधून ते अशी दृश्ये उभी करीत की पाहणाऱ्याला खरा निसर्ग वाटावा. ते अविवाहित होते आणि स्वतःचे प्रशस्त घर त्यांना होते. तसे सगळेच सोडून कलेला वाहून घेणे आपल्यापैकी कोणाला जमणारे नाही. पण चांगल्या फोटोसाठी काश्मीरला जावे लागत नाही, खिडकीतला उजेड आणि टेबलावरच्या वस्तूही पुरतात, हे मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

मग करावे काय? पहिले, घरातल्या सर्वांनी एकत्र बसून आठवड्याचा हिशेब मांडावा. प्रत्येकाला, म्हणजे आईला आणि सुनेलासुद्धा, आठवड्यात दोन तास हक्काचे द्यावेत. त्या वेळी तिच्या वाटचे काम दुसऱ्याने करावे. ‘मदत’ म्हणून नव्हे, वाटणी म्हणून.

दुसरे, काम लहान धरावे. कादंबरी नको, रोज दहा ओळी पुरे. गाडीत जागा मिळाली तर तिथेही होतात. महिन्याला तीनशे ओळी म्हणजे वर्षाला चांगली जाडजूड वही होते.

तिसरे, विषय घरातलाच निवडावा, म्हणजे छंद आणि संसार यांची ओढाताण कमी होते. आपल्यापैकी कितीतरी घरांत पणजीचा एकही फोटो नाही. त्या काळी स्टुडिओत जाऊन फोटो काढणे म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी घालवणे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. आजीचा कळण्याची भाकरी थापतानाचा फोटो घ्या, तिच्या तोंडून ती पद्धत लिहून घ्या. आजोबांच्या जुन्या आठवणी ऐका, नातवाला लिहायला बसवा. मुलांचा शुद्धलेखनाचा सराव होईल आणि घराचा इतिहासही राहील.

चौथे, नोंदीशिवाय फोटो ठेवू नये. फोटो मोबाइलमध्ये राहिला आणि मोबाइल बिघडला की गेला. वर्षाकाठी निवडक पंचवीस फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि मागे नाव, गाव, तारीख लिहावी. नावाविना फोटो दोन पिढ्यांनी अनोळखी माणसाचाच होतो.

यातले काहीच फार खर्चाचे नाही. अवघड आहे ती फक्त पहिली बैठक, कारण तिथे आपल्या फुरसतीचे पैसे कोण भरत होते ते उघड होते. तरीही ती बैठक घ्याच. लेखक-कलावंत म्हणवून घेण्याआधी, आपल्या घरात कोणाची वही धान्याच्या डब्यामागे लपून तर राहिलेली नाही ना, हे एकदा पाहा. असेल तर ती आदराने बाहेर काढा, पेनात शाई आहे का तेही पाहा, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक आपण करा.