बापाला हार आणि पोरीला बंद दार

दिवाळीच्या फराळाच्या ताटात कारले वाढू नये, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. संपादकांनी मजकडे कथाच मागितली होती. कथा लिहायला बसलेही होते; पण डोक्यात भांडण घोळत असले म्हणजे हाताला कथा सुचत नाही. तेव्हा भांडणच पाठवीत आहे. ज्यांना ते पचणार नसेल त्यांनी पान उलटावे आणि चकली उचलावी. मी रागावणार नाही.

भांडण एका चित्रपटावरून आहे. किंवा खरे म्हणजे तो पाहणाऱ्यांच्या मतांवरून आहे. 'दंगल' हा हिंदी बोलपट २३ डिसेंबर २०१६ रोजी पडद्यावर आला. इतक्या वर्षांनी त्याचे काय, असे कोणी विचारील. पण आमच्या हिर्डोशीत चित्रपट शिळा होत नाही. भोरहून महाडच्या वाटेला लागलात की रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने वरंध घाटाकडे निघतो. त्या वाटेवरचे, हिरडस मावळातले हे आमचे गाव. इथे थिएटर नाही. भाताची लावणी झाली आणि पावसाने माणसाला घरात कोंडले, की तोच चित्रपट टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर चारचारदा पाहिला जातो. त्यामुळे इथली मते ताजी नसतात, लोणच्यासारखी मुरलेली असतात. आणि मुरलेल्या मतांशी भांडण्यातच मजा असते.

कथा बहुतेकांना माहीत आहे. हरयाणातल्या बलाली गावचे महावीरसिंग फोगाट हे पैलवान. देशासाठी सुवर्णपदक आणायचे राहून गेले, ते मुलगा आणील या आशेवर मुलीच होत गेल्या. मग एके दिवशी त्यांनी मुलींनाच आखाड्यात उतरवले. पहाटे उठवून पळवले, केस कापले, पोरांशी लढवले. थोरली गीता २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात जिंकली. कुस्तीत असे सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. धाकट्या बबिताला त्याच स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. एवढी गोष्ट खरी. बाकीचे नितेश तिवारी या दिग्दर्शकाने आणि आमीर खानने रंगवले.

आता मते ऐका. पहिले मत आमच्या पाराखालचे: बाप असावा तर असा! दुसरे मत पुण्याहून येते, चष्म्यातून येते. ते म्हणते की, हा बाप कसला, हा तर हुकूमशहा. स्वतःचे हुकलेले स्वप्न पोरींच्या मानेवर लादणारा. हे दुसरे मत पुण्यातच आहे असेही नव्हे. २०१७ साली चित्रपट चीनमध्ये गेला. तिथे त्याने हिंदुस्थानापेक्षाही अधिक पैसा मिळवला, आणि तिथल्या शिकल्यासवरल्या मंडळींतही याच मुद्द्यावर जुंपली. तिथे तर त्याला नावच असे दिले होते, की त्यातून 'चला, कुस्ती खेळू या, बाबा' असा अर्थ निघावा. म्हणजे पाटीवरही बाबाच!

मला या दोन्ही मतांचा सारखाच संताप येतो. पण आधी चष्मेवाल्यांचा समाचार घेते, कारण त्यांना उत्तर देणे सोपे आहे. अहो, मावळातला बाप आपल्या बारा वर्षांच्या पोराला पुण्याच्या तालमीत नेऊन सोडतो, तिथे ते पोर पहाटे चारला उठून जोर काढते, रडते, मार खाते. त्या पोराला कोणी विचारले होते काय, 'बाळा, तुझी संमती आहे का?' त्याला तुम्ही शिस्त म्हणता, परंपरा म्हणता, लाल मातीचा संस्कार म्हणता. तेच पोरीच्या वाट्याला आले की जुलूम? चित्रपटात या मुलींच्या वयाच्या एका मैत्रिणीचे लग्न लागते. ती या बहिणींना सांगते, की तुमच्या बापाला निदान तुमची फिकीर तरी आहे. मला तर ओझे समजून दुसऱ्याच्या घरी पाठवताहेत. त्या प्रसंगाला चष्मेवाल्यांकडे उत्तर नाही. हे खरे, की गीतेला दुसरे काही व्हायचे होते का, हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही. तेवढा दोष मी त्यांच्या पदरात मोजून घालते.

पण पाराखालच्यांशी माझे भांडण मोठे आहे.

त्या चित्रपटाला सगळे 'कौटुंबिक चित्रपट' म्हणतात. घरच्यांनी मिळून पाहावा, मिळून रडावे, असा. आणि इथेच खरी लबाडी आहे. एकदा कौटुंबिक म्हटले की कुस्ती बाप आणि लेक यांच्यात लागली. बाप चांगला की वाईट एवढाच निकाल लावायचा उरला. बाहेरची सगळी मंडळी अलगद सुटली! तालमीचे वस्ताद सुटले, यात्रेचे पंच सुटले, शाळा सुटली, संघटना सुटल्या, आणि टाळ्या वाजवणारे आपणही सुटलो. पोरीला बाप बरा मिळाला म्हणजे तिचे भाग्य, नाही मिळाला तर तिचे नशीब. घरचा मामला आहे, दुसऱ्यांनी कशाला बोला?

पोरीची वाट घरचे अडवतात तेवढीच बाहेरचे अडवतात, याला आपल्याच महाराष्ट्राचा दाखला आहे. १९५० नंतरच्या त्या दिवसांत हमीदा बानू नावाची एक पैलवान बाई देशभर गाजत होती. मे १९५४ मध्ये बडोद्याला तिने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत आसमान दाखवले. तिला रोखणारा घरचा बाप कुठे होता? पण पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती संघटनेने विरोध केला म्हणून रद्द झाली. कोल्हापुरात, कुस्तीच्या त्या पंढरीत, तिने एका पुरुषाला हरवले तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो केली आणि दगड मारले. प्रेक्षकांचे मत म्हणतात ते हे! तिकीट काढून आलेल्या माणसांनी दिलेले.

पुढे १९६१ पासून महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या होऊ लागल्या. केसरी झालेल्याची मिरवणूक निघते, फेटे उडतात, चौकाचौकांत फलक लागतात. बायकांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा पहिल्यांदा केव्हा झाली? मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. प्रतीक्षा बागडी ही पहिली मानकरी. मध्ये गेली ६२ वर्षे. या ६२ वर्षांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोरीचा बाप वाईट होता, असे म्हणायचे आहे काय? चित्रपटाला टाळ्या पडल्यावरही सहा वर्षे गेली, ती कोणत्या बापामुळे?

कोणी म्हणेल, खेळाला पैसा लागतो, गरिबाने काय करावे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा कऱ्हाडजवळच्या त्या गोळेश्वरच्या पैलवानापाशी कुठला पैसा होता? लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. म्हणजे मनात आले की समाजाला परवडते. मनात येण्याचाच काय तो प्रश्न.

याच चित्रपटातल्या एका मुलीचे काय झाले तेही सांगते. लहानपणीच्या गीतेचे काम करणारी झायरा वसीम ही श्रीनगरची, सोळा वर्षांची पोर. जानेवारी २०१७ मध्ये ती आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना भेटली, एवढ्यावरून लोकांनी तिच्यावर असा भडिमार केला, की तिला जाहीर माफी मागावी लागली. पडद्यावर पोरांना चीत करणारी मुलगी सर्वांना हवी होती. पडदा सोडून ती चार पावले चालली तर लगेच नको झाली.

आणि २०२३ साल तर ताजेच आहे. विनेश फोगाट ही गीतेची चुलत बहीण. वडील गेल्यावर महावीरसिंगांच्याच आखाड्यात वाढलेली. चित्रपटात तिला जागाच नाही. तिच्याऐवजी विनोदाला एक चुलत भाऊ घातला आहे. ती विनेश, रिओचे कांस्यपदक आणणारी साक्षी मलिक आणि त्यांचे सोबती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीच्या जंतरमंतरावर बसले. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून उचलून नेले. तक्रारींचे खरेखोटे करणे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. पण 'दंगल' पाहून रुमाल भिजवणारे आमच्या गावचे प्रेक्षक तेव्हा काय म्हणाले, ते मी कानांनी ऐकले आहे. 'बाई, त्यात राजकारण असणार.' 'पोरीच्या जातीने रस्त्यावर बसू नये.' आता सांगा, यात बापाचा काय संबंध? बाप तर चांगलाच होता! चांगला बाप, कष्ट, पदके, सगळे असूनही पोरी फरसबंदीवरच होत्या.

चित्रपटात शेवटी एक कपटी प्रशिक्षक बापाला खोलीत कोंडतो. हे घडलेले नाही. खऱ्या प्रशिक्षकांनी त्याबद्दल नाराजीही दाखवली. अंतिम कुस्तीही पडद्यावरच्यासारखी शेवटच्या क्षणापर्यंत लोंबकळली नव्हती, गीतेने ती सरळ एकतर्फी मारली होती. (त्या कपटी माणसाचे नाव 'कदम' ठेवले आहे, आणि काम आपल्या गिरीश कुलकर्ण्यांनी फार झकास केले आहे. एरवी पाटीवरच्या अक्षरासाठी भांडणारे मराठी वीर याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत!) मला त्या खोट्याचा राग नाही, कादंबऱ्या लिहिणारी बाई खोट्याला नावे ठेवील तर तिची चूल बंद पडेल. पण हे खोटे सोयीचे आहे. एक दुष्ट माणूस दाखवला, की व्यवस्था निर्दोष ठरते.

गेल्या वर्षी आम्ही शाळेच्या पडवीत चादर बांधून हा चित्रपट दाखवला. सातवीतली एक पोर आहे. दांडगी, काटक, डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून पळते. तालुक्याच्या मॅटवरच्या स्पर्धेला तिला न्यायचे माझ्या मनात होते. चित्रपट संपला तेव्हा तिचे वडील टोपीने डोळे पुसत होते. मी म्हटले, दादा, हीच वेळ आहे, पोरीला पाठवा. ते म्हणाले, "बाई, माझी ना नाही. पण उद्या सोयरीक जमवायची तर हिला कोण पत्करणार? आणि तालमीत घेणार कोण तिला?" वाचकहो, त्या माणसाला मी हुकूमशहा म्हणू की आदर्श पिता? तो यातला कोणीच नव्हता. त्याने मला दोन सरळ प्रश्न विचारले, आणि दोन्हींची उत्तरे त्याच्या घराबाहेर होती. सोयरीक करणारे पडवीत त्याच्याच शेजारी बसले होते, आणि तेही डोळे पुसत होते.

पोरीची आई मात्र भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. पडद्यावरच्या आईबद्दल कोणी बोलत नाही. घरात मटण शिजू न देणारी ती बाई पुढे काय काय गिळते, हे विचारायला सवड कोणाला? मी या माउलीला तिचे मत विचारले. ती म्हणाली, "त्यांच्या तिथं आखाडा रानात बापाने बनवला. आपल्याकडं तालमीत मारुती आहे."

बस्स. सगळ्या टीकाकारांच्या डोक्यात जे आले नाही ते तिने एका वाक्यात सांगितले. मारुती ब्रह्मचारी, म्हणून तालमीत बाईने पाऊल टाकू नये. आणि यात्रेच्या फडाजवळ बाईने उभे राहून पाहूही नये. हलगी आम्ही घरात भाकरी थापताना ऐकायची.

म्हणून मी यंदा यात्रा कमिटीला अर्ज दिला आहे. मागणी मोठी नाही. शेवटची इनामी कुस्ती राहो पुरुषांची; पण सुरुवातीला रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या लावतात, त्यांत दोन जोड्या मुलींच्या लावाव्यात. लढणाऱ्या मुलींची नावे मी देईन, खाली गादी हवी असेल तर शाळेची देईन. सह्या सात झाल्या आहेत. त्यांतल्या पाच बायकांच्या, आणि एक त्या टोपीवाल्या दादांची. कमिटीतले एक वडीलधारे अर्ज वाचून म्हणाले, "बाई, विषय चांगला आहे, पण असले ज्याच्या त्याच्या घरचे असते. कमिटी यात कशी पडणार?" अर्ज घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि वर्गणीची वही काढून माझ्यापुढे धरली. मी वर्गणी दिली, आणि पावतीवर 'कुस्त्यांसाठी' असे लिहून घेतले.