न झाडलेल्या गोळीचीही नोंद करा

प्रति,
माननीय पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,



मी केशोरीचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, मिरचीसाठी ओळखलं जाणारं आमचं गाव. इटियाडोह धरण जवळ आणि गडचिरोलीची हद्दही जवळ. आयुष्यभर शाळेत शिकवलं. माझ्या वर्गात बसलेली काही पोरं आज खाकीत आहेत. सुटीवर आली की पाया पडायला येतात. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्यासमोर ती बंदूक घेऊन उभी राहतात त्या माणसांसाठी हे पत्र लिहितो आहे.

आमच्या भागात बंदूक नवी नाही. पूर्वी ती ठासणीची भरमार होती. धानाची राखण करायला, रानडुकरं हाकायला माचीवर टांगलेली असायची. मग जंगलात नक्षलवाद्यांचं दलम आलं, त्यामागोमाग सशस्त्र दूरक्षेत्रं आली आणि इन्सास, एके-47 ही नावं लेकरांच्याही तोंडी बसली. 1 मे 2019 ला शेजारच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला, 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आटोपून घरी आलो आणि ही बातमी ऐकली. त्यामुळे जवानाच्या मनातली भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. सुरुंग पेरलेल्या रस्त्यावर बोलणी करायला कोणी समोर नसतं.

पण दिवस बदलले. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवादी नेता भूपतीने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. नोव्हेंबरअखेर त्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत आपल्या साथीदारांसह गोंदिया पोलिसांपुढे आला. आता हेच जवान बाजारात, मंडईच्या जत्रेत, धान खरेदी केंद्रावरच्या रांगेत आणि रात्रीच्या नाटकाच्या मंडपाबाहेर बंदोबस्ताला उभे राहणार. खांद्यावरची बंदूक तीच, हाताला लागलेली सवयही तीच. समोरचा माणूस मात्र वेगळा. तो दारू प्यालेला असेल, शेताच्या धुऱ्याच्या वादाने पेटलेला असेल, कर्जाने खचलेला असेल किंवा डोक्याने बिघडलेला असेल. जंगलात ज्या घाईने जीव वाचला, त्याच घाईने इथे एखाद्याचा जीव जाईल.

एक प्रसंग सांगतो. आमच्या भागातल्या एका गावात दिवाळीनंतरची मंडई होती. नाटकाचा दुसरा अंक सुरू झाला होता आणि जनरेटरच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नव्हतं. मंडपामागे चुलतभावांचं धुऱ्यावरून वाजलं आणि धाकटा घरातून टांगी, म्हणजे कुऱ्हाड, घेऊन आला. बंदोबस्ताला दोघंच होते, निवृत्तीला आलेले एक जमादार आणि बरोबर विशीतला एक जवान. जवानाने रायफल खांद्याला लावली. मी दहा पावलांवर होतो. त्याचं बोट ट्रिगरच्या कडीत गेलेलं मला दिसलं, आणि ते बोट थरथरत होतं.

जमादारांनी पोराच्या दंडाला हात लावून त्याला हळूच मागे सारलं. "बंदूक खाली कर, तिकडे बंडीमागे थांब," एवढंच म्हणाले. स्वतः बैलबंडीच्या अलीकडे उभे राहिले, म्हणजे टांगीवाला आणि ते यांच्यामध्ये आख्खी बंडी होती. दोन्ही हात उघडे, छातीच्या खाली. आवाज बिलकूल चढवला नाही. आधी जमलेल्या पोरांना हाकललं, कारण बघे असले की माणूस माघार घेत नाही. मग विचारलं, "काय झालं, मले सांग. मी आयकतो." तो शिव्या देत राहिला. हे ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, "पाणी पेतेस का, बापू?" तो नाही म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्याने हो म्हटलं आणि तांब्या घ्यायला एक हात टांगीवरून काढला. अर्धा-पाऊण तास गेला असेल. टांगी जमिनीवर पडली तेव्हा मंडपात टाळ्या वाजत होत्या. त्या नाटकाला होत्या.

नंतर तो जवान माझ्याजवळ बसून म्हणाला, "सर, आम्हाला टार्गेटवर मारायला शिकवलं. असं बोलायला कोणी शिकवलंच नाही."

महोदय, हेच वाक्य आपल्यापर्यंत पोहोचवायचं आहे. चांदमारीत किती गोळ्या किती अंतरावरून कुठे लागल्या याचा हिशेब असतो. शस्त्र खोलणं-जोडणं डोळे मिटून करता आलं पाहिजे असा आग्रह असतो. तो असायलाच हवा. पण भडकलेल्या माणसाला निववणं हीसुद्धा कवायत आहे, ती तालमीने येते, याची दखल तेवढ्या गांभीर्याने घेतली जात नाही. जमादारांनी त्या रात्री तीन गोष्टी केल्या. अंतर राखलं, आडोसा घेतला आणि वेळ मिळवला. अंतर आणि आडोसा असला की शिपायाचा स्वतःचा जीव सुरक्षित राहतो, आणि जीव सुरक्षित असला की गोळी झाडायची घाई उरत नाही. स्वसंरक्षणाचा पहिला धडा हाच आहे. तो जमादारांना चाळीस वर्षांच्या नोकरीने शिकवला आणि ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याबरोबर घरी गेला.

कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे, आणि कलम 37 मध्ये त्याची मर्यादा स्पष्ट लिहिली आहे. बचावासाठी जेवढी इजा करणं आवश्यक, त्याहून जास्त करता येत नाही. अटक करताना जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यातल्या आरोपीचा जीव घेण्याचा अधिकार अटकेच्या कलमाने पोलिसाला दिलेला नाही. 1990 साली हवानाला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत पोलिसांच्या शस्त्रवापराची मूलतत्त्वं ठरली, त्यांतही आधी बळाविना असलेले उपाय वापरा असंच सांगितलं आहे. पण कलम पाठ असणं वेगळं आणि अंधारात समोर टांगी असताना ते हाताला आठवणं वेगळं. हाताला तेच आठवतं जे शंभर वेळा केलेलं असतं.

जिथे असं थांबणं झालं नाही तिथे काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात 10 माणसं गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाला ते पटलं नाही, गोळीबार अनाठायी होता असा निष्कर्ष आयोगाने काढला. 2009 मध्ये गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. 9 ऑगस्ट 2011 ला मावळात पवना जलवाहिनीच्या आंदोलनात 3 शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. यातल्या प्रत्येक ठिकाणी दोष कोणाचा हा वाद वेगळा. मला एवढंच विचारायचं आहे की त्या सगळ्या बंदूकधाऱ्यांना मागे सरकायला, थांबायला, बोलायला कोणी कधी शिकवलं होतं का?

आणि हे जमावापुरतंच नाही. 31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्याच वरिष्ठावर आणि तीन प्रवाशांवर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. बरं वाटत नाही, मला उतरू द्या, असं तो आधी म्हणत होता, असं सहकाऱ्याच्या जबाबात आलं. आरोपांचा निवाडा न्यायालय करेल. पण हातात बंदूक असलेला माणूस आतून कसा आहे, हे ओळखायला त्याच्या शेजारच्या शिपायाला आणि वरच्या साहेबाला शिकवायला निवाड्याची वाट कशाला पाहायची? त्याला त्या दिवशी शस्त्राविना ड्यूटी देणं, रजा देणं, जवळ बसून विचारणं, हेही निववणंच आहे.

8 फेब्रुवारी 2024 ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं. म्हणजे शस्त्र सांभाळायचं, ते दुसऱ्याच्या हाती पडू द्यायचं नाही, आणि मालकाचं डोकं फिरलेलं दिसताच ते त्याच्यापासून दूर न्यायचं, हेसुद्धा शिकवायला लागतं. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षितता प्रशिक्षणाची अट घातली आहे. बँकेच्या दारातले रखवालदार, अंगरक्षक, पीकसंरक्षणाचा परवाना असलेले आमच्याकडचे शेतकरी, सगळ्यांच्या प्रशिक्षणात भांडण शमवण्याचे निदान काही तास घालता येतील.

हा उपाय भाबडा आहे असं कोणी म्हणेल. अमेरिकेत लुईव्हिल शहराच्या पोलिसांना असं प्रशिक्षण दिल्यावर संशोधकांनी हिशेब मांडला. बळाचा वापर 28 टक्क्यांनी घटला, नागरिकांच्या इजा 26 टक्क्यांनी. आणि पोलिसांच्या स्वतःच्या इजा तर 36 टक्क्यांनी कमी झाल्या. माझ्या वर्गातल्या पोरांसाठी मला हा शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच शहरात मार्च 2020 मध्ये ब्रिओना टेलर ही तरुणी तिच्याच घरात पोलिसांच्या गोळ्यांनी गेली, हेही सांगायला हवं. प्रशिक्षणाने सगळं साधत नाही. वरून येणारा हुकूम आणि घाई तशीच राहिली तर शिकलेलं वाया जातं.

आमच्यासाठी भाषेचा मुद्दा त्याहून मोठा आहे. इथे गोंडी बोलणारे आहेत, झाडीबोली बोलणारे आहेत, सीमेवर छत्तीसगडी चालते. घाटावरून आलेल्या पोराने पुस्तकी मराठीत "शस्त्र खाली टाका" असं ओरडलं तर समोरच्याला फक्त ओरडणं ऐकू येतं. गडचिरोली पोलिसांनी आपल्या मदत-खिडकीला गोंडीतून "दादालोरा" म्हटलं, तेव्हा त्या खिडकीशी लोक आले. तसंच थांब, बस, घाबरू नको, मी ऐकतो, एवढी चार वाक्यं इथल्या प्रत्येक जवानाला इथल्या बोलींत आली पाहिजेत. ती पुस्तकातून येणार नाहीत. आमच्या आयाबायांना शिकवायला बोलवा, त्या येतील.

म्हणून माझी विनंती अशी. पोलीस प्रशिक्षण केंद्रांत आणि सुराबर्डीच्या नक्षलविरोधी प्रशिक्षण केंद्रात हा विषय एका व्याख्यानापुरता ठेवू नका. खराखुरा प्रसंग उभा करून त्याची तालीम घ्या. नाटकाचं माहेर असलेल्या आमच्या झाडीपट्टीत दारुड्याची आणि भडकलेल्या भावाची भूमिका करायला नट कमी पडणार नाहीत. जुन्या जमादारांना निवृत्तीआधी सहा महिने प्रशिक्षक म्हणून बोलवा. वर्षाच्या चांदमारीच्या दिवशीच याचीही परीक्षा घ्या, आणि त्यात नापास होणाऱ्याला मंडईच्या बंदोबस्ताला रायफल देऊ नका.

आणखी एक. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा पंचनामा होतो, पुंगळीसुद्धा मोजून जमा करावी लागते. जिथे गोळी झाडता आली असती आणि झाडली नाही, त्या प्रसंगाचीही ठाण्यात नोंद होऊ द्या, आणि त्याचं बक्षीस सेवापटात लिहिलं जाऊ द्या.

त्या जमादारांना मी नंतर भेटलो होतो. आता धानाची शेती करतात. त्या रात्रीची नोंद कुठे झाली का, असं विचारलं. "कायची नोंद, सर? काही झालंच कुठं!" म्हणाले.

आपला,
केशोरीचा एक निवृत्त शिक्षक