आपल्या ईशान्येचा ‘उत्तरप्रकाश’

ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे टिपायला आपली हौशी मंडळी थेट नॉर्वे गाठतात. जरूर जावे. मे २०२४ च्या सौरवादळात तर लडाखमधील हानलेच्या कॅमेऱ्यांनाही तांबडी आभा गवसली! पण मार्गशीर्षातल्या अमावास्येला वेल्ह्यात कुडकुडत मी ट्रायपॉड लावतो, २० सेकंद शटर उघडे ठेवतो, तेव्हा राजगडावर आलेले मृग नक्षत्र पाहून डोळे निवतात. कॅमेरा ईशान्येला वळवला, की मात्र क्षितिजावर नारिंगी झळाळी. ती पुण्याच्या दिव्यांची. आता भोर-वेल्ह्यातल्या फार्महाऊसांचे आकाशाकडे तोंड केलेले झोतही तिला येऊन मिळताहेत. आपल्याच विदर्भातले पेंच २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. इथल्या ग्रामपंचायतींनी निदान रस्त्यावरच्या दिव्यांना वरून झाकणे बसवावीत. उजेड हवा तो पायाखाली.