पुन्हा ट्रम्पेट, आणि पुस्तकांचा घोळ

माळ्यावरून ट्रम्पेट खाली काढलं त्याला या दिवाळीत दोन वर्षं होतील. ज्या नातेवाईकांना ही बातमी फोनमागच्या चमत्कारिक आवाजांवरून कळली त्यांची माफी मागते. आणि हो काकू, तो प्रेशर कुकर नव्हता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मी पुण्यात, कॅम्पातल्या शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. आमचे सर गोव्याचे, चर्चच्या शाळेत सोल्फेजो घोकून तयार झालेले. शाळा सुटली तरी त्यांच्याकडे जात राहिले, आठव्या ग्रेडची परीक्षाही दिली. मग १९९६ साली लग्न, डोंबिवलीत दोन खोल्या, भिंतीपलीकडे आजारी माणूस... ट्रम्पेट माळ्यावर गेलं. कुणी मनाई केली नव्हती. वाजवायला जागाच नव्हती, एवढंच. लग्नाआधी सरांनी एक कागद दिला होता. तेओ शार्लिएच्या पुस्तकातला दुसरा एट्यूड, स्वतःच्या हातानं उतरवलेला. "हा बसव, मग बोलू," म्हणाले होते. तो कागदही ट्रम्पेटच्या पेटीतच राहिला.

तर आजचा विषय असा, की इतक्या वर्षांनी परतलेल्या माणसानं सरावाला पुस्तक कुठलं घ्यावं? अगदी पहिल्यापासून शिकणाऱ्याची गोष्ट वेगळी. मी बोलतेय ते एकेकाळी बरं वाजवणाऱ्यांबद्दल, ज्यांना 'ॲडव्हान्स्ड' हा शब्द दिसला की आपल्यालाच हाक मारल्यासारखं वाटतं.

मला वाटलं. पेटी उघडली आणि पहिल्याच आठवड्यात शार्लिए काढला! हे गृहस्थ बेल्जियमचे, लिएजच्या कॉन्झर्वेटरीत शिकवायचे. त्यांचे छत्तीस एट्यूड १९२६ साली छापले गेले, आणि ट्रम्पेटच्या अवघड अभ्यासांत आजही त्यांचं नाव आधी घेतलं जातं. दुसरा एट्यूड तसा गाण्यासारखा आहे, म्हणून दिसायला सोपा. गंमत म्हणजे बोटं धावली. तीन व्हॉल्व्हची बोटं काही विसरत नाहीत, सायकलसारखं असतं ते. कानही तयारच होते, मधली सगळी वर्षं ऐकत तर होतेच की. विसरले होते ते ओठ. माउथपीसच्या कडेआत जो ओठांचा स्नायू थरथरतो, तो दोन महिने वाजवलं नाही तरी ढिला पडतो. इथे तर पाव शतक उलटून गेलेलं.

ओठ थकला की माणूस काय करतो? माउथपीस दाबतो. दाबलं की वरचा स्वर निघतो खरा, पण ओठातलं रक्त अडतं, मग तो आणखी थकतो, मग आणखी दाब. मी तीन आठवडे रोज तासभर हेच केलं. चौथ्या आठवड्यात वरचा ओठ सुजला, मधोमध बधिर झाला आणि मधल्या सप्तकातला साधा सा सुद्धा फुटेना. महिनाभर पेटी बंद. त्या महिन्यात खरंच वाटलं, संपलं. माळ्यावर होतं तोवर निदान 'मला येतं' असं म्हणता तरी यायचं.

शेवटी मडगावला सरांना फोन लावला. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज तसाच खणखणीत. "कितें वाजयता गो बाय?" मी शार्लिए म्हणाले, जरा तोऱ्यातच. पलीकडे शांतता. मग, "क्लार्कचा पहिला धडा वाजव. आत्ता. हळू."

हर्बर्ट क्लार्क म्हणजे सूझाच्या बँडमधला नावाजलेला कॉर्नेटवादक. त्याचं 'टेक्निकल स्टडीज' १९१२ चं. पहिला धडा दिसायला अगदी बाळबोध, सर्वांत खालच्या स्वरापासून अर्ध्याअर्ध्या स्वरानं थोडं वर जायचं आणि परत यायचं. मेख सूचनांत आहे. अत्यंत हळू आवाजात, आणि एका श्वासात आठ ते सोळा वेळा. मी बरी झाल्यावर फोन स्पीकरवर टाकून वाजवला. तिसऱ्या फेरीत स्वर फाटला आणि नुसती हवा आली. "म्हणजे हे पुस्तक तुझ्यासाठी ॲडव्हान्स्ड आहे," सर म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

पण नंतर विचार करताना पटलं. आपल्याकडे गाणारे उतारवयातसुद्धा पहाटे खर्ज लावतात, पलटे घोटतात. त्यांना कुणी 'प्राथमिक वर्गात बसलेत' म्हणत नाही. मग आम्हा पाश्चात्त्य वाद्यवाल्यांनाच वर, जलद आणि जोरात हे तीनच अवघडपणाचे प्रकार का दिसावेत?

याउलट सल्ला देणारेही भेटतात : सगळं विसरा, लहान मुलांच्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करा. हे मला मुळीच मान्य नाही. परतलेल्या माणसाचा कान नवशिका नसतो. त्याला चार चार मात्रांचे लांब स्वर आणि बालगीतं दिली, तर तो पंधरा दिवसांत पेटी परत माळ्यावर ठेवील. त्याला हवं डोक्याला आणि कानाला अवघड, पण ओठाला हलकं असं काहीतरी. आणि असं साहित्य आहे! कोंकोने हा एकोणिसाव्या शतकातला इटालियन गायनशिक्षक. त्यानं गायकांसाठी लिहिलेले शब्दांविना धडे ट्रम्पेटसाठी घेतलेले मिळतात. फार वर चढत नाहीत, पण ओळ कुठे वाकवायची, श्वास कुठे चोरायचा, यात जन्म जाईल. झाखझेचे शंभर एट्यूड तर लिहिलेल्या स्वरांपेक्षा वेगळ्याच पट्टीत, मनातल्या मनात बदलून वाजवायचे असतात. पहिल्या दिवशी माझं डोकं ओठांच्या आधी दमलं, आणि मला हेच तर हवं होतं.

आर्बानबद्दल विचाराल तर तो घरात हवाच. १८६४ चा ग्रंथ, ट्रम्पेटवाले त्याला बायबल म्हणतात. पण तो मागून उघडायचा मोह टाळा. शेवटाकडचे चौदा एट्यूड पानभर श्वासाला उसंत देत नाहीत. मधले स्वरांतरांचे आणि जिभेचे धडे घ्या, तेही अर्धं अर्धं पान.

माझी कसोटी आता एकच आहे. सराव सुरू करताना क्लार्कची पहिली ओळ हळू वाजवायची, मग त्या दिवशीचं जे काय असेल ते, आणि शेवटी पुन्हा तीच ओळ. ती पहिल्याइतकीच स्वच्छ आली तर पुस्तक बरोबर. फाटली तर ते पुस्तक आज माझं नाही, मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं असो. जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ ट्रम्पेट मांडीवर ठेवून बसायचं, हेही सरांचंच. तेवढ्यात भाजी निवडून होते. (घरात प्रॅक्टिस म्यूट लावते, पण त्यानं खालचे स्वर कोंदतात. म्हणून रविवारी दुपारी गच्चीवर. सोसायटीची तक्रार अजून एकच आली आहे.)

शार्लिए सोडलेला नाही. सरांचा तो कागद, घड्यांवर फाटत आलेला, स्टँडवर असतो. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, चार ओळी. पहिलं पान बसलंय म्हणायला हरकत नाही. पुढे वर चढताना अजून हात आपोआप दाबतो, तिथे थांबते.

डिसेंबरात मडगावला जायचं ठरतंय. ट्रम्पेट बरोबर नेणार आहे, हे सरांना अजून सांगितलेलं नाही.