जबाबदारीबरोबर अखत्यारही



१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून जगभर पाळला जातो, आणि त्या निमित्ताने रुग्णालयांतून पुष्पगुच्छ दिले जातात, मेणबत्त्या उजळल्या जातात व सेवाभावाचा गौरव करणारी भाषणे होतात. त्या गौरवात अयथार्थ असे काही नाही. परंतु ज्या स्त्रीच्या स्मरणार्थ हा दिवस पाळावयाचा, तिच्या कर्तृत्वाचा मोठा अंश त्यातून निसटून जातो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात ती रात्री दिवा घेऊन जखमी सैनिकांपाशी जात असे, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच रुग्णालयातील धुलाईचा, मुदपाकखान्याचा व कोठाराचा बंदोबस्त तिने लावला, युद्धानंतर मृत्यूंचे आकडे मांडून सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक दगावले हे सरकारदरबारी सिद्ध केले, आणि १८५९ साली रुग्णालयांच्या रचनेवर व व्यवस्थेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हे फारसे कोणी सांगत नाही. हिंदुस्थानातील आरोग्यव्यवस्थेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. शुश्रूषा आणि कारभार या दोन गोष्टी तिने कधी परस्परांपासून निराळ्या मानल्या नाहीत. त्या निराळ्या केल्या त्या पुढच्या काळाने, आणि त्यात हानी झाली ती परिचारिकेची तशीच रुग्णाचीही.

हा विषय आपल्या मंडळाच्या वार्तापत्रात घेण्याचे कारण दूरचे नाही. इंदूरच्या सुदामा नगर, उषा नगर, वैशाली नगर, अन्नपूर्णा या परिसरातील कितीतरी मराठी घरांतून सून, लेक किंवा आई पहाटे डबा भरून ड्यूटीला निघते. धार, झाबुआ, खरगोन, खंडवा अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण इंदूरला येतात, आणि शासकीय, धर्मादाय व खाजगी अशा सर्व प्रकारच्या रुग्णालयांचा भार आपल्या शहरावर आहे. हा भार प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यांवर असतो, हे पाहावयाचे असेल तर सकाळी ड्यूटी बदलण्याच्या वेळी एखाद्या वॉर्डात घटकाभर उभे राहावे.

रात्रपाळीची सिस्टर खाटेखाटेपाशी थांबून दिवसपाळीच्या सिस्टरला रुग्ण सोपवीत असते: अकरा नंबरच्या आजोबांना पहाटे ताप चढला होता, सात नंबरचे सलाईन दहापर्यंत पुरेल, तीन नंबरचे रक्त तपासणीला गेले आहे पण रिपोर्ट यायचा आहे. त्याच वेळी इन्चार्ज सिस्टर, जिला महाराष्ट्राच्या सरकारी दफ्तरात परिसेविका म्हणतात, ऑक्सिजनचे सिलिंडर मोजते, क्रॅश कार्टमधील, म्हणजे आणीबाणीच्या गाडीतील, औषधांची रजिस्टराशी रुजवात घेते, औषधभांडाराच्या इंडेंटवर सही करते, न आलेल्या दोघींच्या जागी कोणाला थांबवावयाचे ते ठरवते, सफाईच्या ठेकेदाराच्या मुकादमाला बोलावून घेते, आणि घरी जाण्यास निघालेल्या रुग्णाचे आयुष्मान योजनेचे कागद कोठे अडले याचा शोध लावते. यांतील एकही काम केवळ शुश्रूषेचे नव्हे. माणसे, साहित्य, पैसा आणि वेळ यांची सांगड घालणे यालाच जर प्रशासन म्हणावयाचे, तर रुग्णालयाचे प्रशासन परिचारिका आजही करीतच आहे. तिच्याजवळ नाही तो अखत्यार. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे आणि सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी व रजेसाठी तीस टक्के अधिक पदे राखावीत, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. तो इन्चार्ज सिस्टरला मुखोद्गत असतो, पण पदांची मंजुरी ज्या बैठकीत होते तेथे तिला खुर्ची क्वचितच असते.

जबाबदारी एकीची व अखत्यार दुसऱ्याचा, या व्यवस्थेचे परिणाम किती दारुण होतात हे आपल्या शहराने नुकतेच पाहिले आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात दोन अर्भकांना उंदरांनी चावे घेतले आणि ती दोन्ही बालके दगावली. त्यानंतरच्या कारवाईत परिचारिकांचे निलंबन झाले, आणि उंदीर-कीटकांच्या बंदोबस्ताचा ठेका ज्या कंपनीकडे होता तिला दंड झाला. कोणाचा दोष किती, हे ठरवणे चौकशीचे काम आहे आणि त्यात येथून निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ठेका कोणाला द्यावा, त्याच्या अटी काय असाव्यात, काम झाले की नाही याची नोंद कोणी तपासावी आणि काम न झाल्यास बिल कोणी अडवावे, या सर्व निर्णयांत रात्रंदिवस त्या विभागात उभ्या असणाऱ्या सिस्टरचा शब्द किती चालतो, हा प्रश्न त्या दोन बालकांच्या मृत्यूनंतर तरी प्रत्येक रुग्णालयाने स्वतःला विचारला पाहिजे, असे आम्हांस अंतःकरणपूर्वक वाटते.

संकटकाळी निर्णय घेण्याची पात्रता परिचारिकेत असते की नाही, असा संदेह कोणी बाळगील, तर त्याने मुंबईचे कामा रुग्णालय आठवावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी आवारात शिरले असता अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे दरवाजे बंद केले, वीस गर्भवती स्त्रियांना आतल्या लहानशा खोलीत हलवले, दिवे मालवले, आणि त्यांतील एकीला कळा सुरू झाल्यावर तिला सुखरूप प्रसूतिगृहापर्यंत पोहोचवले. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी आपली साक्ष संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे मांडली. अशी बुद्धी ज्या वर्गापाशी आहे, त्याला अंदाजपत्रकाच्या चर्चेपासून दूर ठेवण्याचे समर्थन कोणत्या युक्तिवादाने करता येईल?

तथापि केवळ अनुभवाच्या बळावर अखत्यार मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे; त्यासाठी कारभाराचे शास्त्र आत्मसात करावे लागते, आणि पदव्युत्तर शिक्षणाचे प्रयोजन तेच आहे. रुग्णालय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात औषधसाठ्याचे वर्गीकरण दोन अंगांनी करावयास शिकवतात: एक किमतीवरून आणि दुसरे रुग्णाच्या प्राणाशी असलेल्या संबंधावरून. ॲड्रिनलिनची कुपी किमतीच्या यादीत अगदी तळाशी असते, पण प्राणरक्षणाच्या यादीत तिचे स्थान अग्रभागी असते. म्हणून महागड्या औषधाचा साठा बेताने ठेवावा, पण ही स्वस्त कुपी एक दिवसही संपू देऊ नये. इन्चार्ज सिस्टर हे वर्षानुवर्षे आचरणात आणतेच. फरक इतकाच की हे शास्त्र शिकलेली सिस्टर भांडारप्रमुखापुढे आणि लेखाधिकाऱ्यापुढे तोच मुद्दा तक्त्यानिशी मांडू शकते, आणि तक्त्यानिशी मांडलेला मुद्दा दफ्तरात सहसा फेटाळला जात नाही. खाटांचा वापर, रुग्णाचा सरासरी मुक्काम, संसर्गाचे प्रमाण, चुकीच्या मुळाशी जाणारी चौकशी, ठेक्यांचे करारनामे, हे सारे विषय तिच्या रोजच्या कामातलेच आहेत.

हे शिक्षण नोकरी सोडून घेणे बहुतेकींना अशक्य होते. दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने ते काहीसे आटोक्यात आले आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापन पदविकेला बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही वाव आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने नोकरदारांसाठी रुग्णालय प्रशासनाची पदविका चालवली आहे. आणि ज्यांना प्रत्यक्ष वर्गात बसणे जमते त्यांच्यासाठी आपल्या देवी अहिल्या विद्यापीठातही हा विषय शिकवला जातो. मात्र येथे एक इशारा कर्तव्य म्हणून देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार नर्सिंगची पदवी दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही, आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित आणखी काही विषय या पद्धतीतून वगळण्यात आले आहेत. आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत व केंद्रीय अन्वेषण विभागापर्यंत गेले, आणि २०२४ साली चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच लाचेच्या आरोपावरून अटक झाली, हे सर्वांस विदित आहे. म्हणून जाहिरातीतील शब्दावर न विसंबता, ज्या सत्रात प्रवेश घ्यावयाचा त्याच सत्रासाठी, त्याच अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे याची खातरजमा करावी, आणि ती पदवी आपल्या रुग्णालयात बढतीस ग्राह्य धरली जाईल काय, हे लेखी विचारून घ्यावे. मगच फी भरावी.

आता घराकडे वळू. घरबसल्या शिक्षण म्हणजे घरकाम सांभाळून उरल्या वेळात करावयाचे शिक्षण, अशी समजूत आपल्याकडे सहज होते, आणि तीच अनेकींच्या अभ्यासाचा घात करते. नाइट ड्यूटीवरून आलेली स्त्री आधी झोपली पाहिजे, मग अभ्यासाला बसली पाहिजे; त्या वेळी कुकर कोणी लावावा, मुलांना शाळेतून कोणी आणावे, पाहुण्यांना चहा कोणी करावा, याची तजवीज घरातील इतरांनी करावयाची असते. १८९१ साली मुंबईत काशीबाई गणपत परिचारिकेच्या शिक्षणासाठी पुढे आल्या, आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाल्यावर रमाबाई रानड्यांनी तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात शिक्षणासाठी पाठवले, तेव्हा समाजाच्या केवढ्या अप्रीतीला तोंड द्यावे लागले असेल याची कल्पना करावी. आपल्याला तर दिवसाचे दोन तास मोकळे करून द्यावयाचे आहेत.

रुग्णालयांच्या चालकांनाही विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार आरोग्यसेवेत सुमारे सत्तर टक्के स्त्रिया आहेत, परंतु वरिष्ठ पदांवर त्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपासच आहे. अमेरिकेत उत्कृष्ट परिचर्येसाठी 'मॅग्नेट' हे मानांकन ज्या रुग्णालयास हवे असते, तेथील परिचर्या-प्रमुख पदव्युत्तर शिक्षण घेतलेली असावी लागते. शिकलेल्या सिस्टरला शिक्षणानंतरही त्याच टेबलावर बसवून ठेवावयाचे असेल, तर तिने रात्री जागून मिळवलेल्या पदवीचा उपयोग कोणालाच होणार नाही. यास्तव परीक्षेपुरती रजा आणि पदवीनंतर निर्णय घेणाऱ्या समितीत स्थान, एवढे तरी त्यांनी द्यावे.

मंडळाने काय करावे, यासंबंधी पुढील सूचना कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. मंडळाची खोली दुपारी रिकामी असते. तेथे इंटरनेटची सोय करून ती अभ्यासासाठी खुली करावी. आपल्या सभासदांत निवृत्त बँक अधिकारी, लेखापाल व सरकारी हिशेबतपासनीस पुष्कळ आहेत. परिचारिकांना अंदाजपत्रक, ताळेबंद व निविदा हे विषय मराठीतून समजावून देण्यासाठी त्यांनी आठवड्यातून एक दुपार द्यावी, कारण पाठ्यपुस्तके इंग्रजी असली तरी विषय एकदा आपल्या भाषेत उमगला की परीक्षेची भीती निम्मी उरते. ज्या भगिनींची शिकण्याची इच्छा आहे आणि ज्या सभासदांची शिकवण्याची तयारी आहे, त्यांनी महिनाअखेरपर्यंत आपली नावे कार्यवाहांकडे नोंदवावीत. नावे पुरेशी आली, तर गणेशोत्सवापूर्वी पहिला वर्ग भरवता येईल, आणि पुढील वर्षीच्या परिचारिका दिनी पुष्पगुच्छाबरोबर प्रवेशपत्रही हाती असलेल्या भगिनींचे अभिनंदन करण्याचा योग या मंडळास लाभेल.

आपला स्नेहाकांक्षी,
संपादक