आधी कक्षा, मग नाव

बीदर आणि कलबुर्गी हे निजामाच्या राज्याचे जिल्हे होते, तेव्हा दरबार म्हटला की तिकडच्या आपल्या मराठी घरांना हैदराबादच आठवे. त्या दरबाराची एक गोष्ट गाणाऱ्या मंडळींत आजही सांगतात. १९३४ साली मेवाती घराण्याचे पंडित मोतीराम यांना उस्मान अली खान यांच्या दरबारी गायकाचे पद मिळावयाचे होते. ते जाहीर व्हावयाचे त्याच दिवशी पंडितजी निवर्तले. धाकटा मुलगा जसराज तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. पद हाती आले नाही. पुढे १९४८ नंतर दरबाराची सत्ताही राहिली नाही. त्या मुलाचे नाव मात्र आज मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरत आहे.

पंडित जसराजांच्या नावाचा तारा आहे, असे पुष्कळजण म्हणतात. तो तारा नव्हे, लघुग्रह आहे. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातून चालणाऱ्या आकाशाच्या पाहणीत ११ नोव्हेंबर २००६ रोजी तो सापडला. लघुग्रह सापडला की लगेच त्याचे बारसे होत नाही. प्रथम नुसती खूण मिळते. याची खूण ‘२००६ व्हीपी ३२’ अशी होती. मग तो पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. त्याची वाट बिनचूक मांडता आली, म्हणजे क्रमांक मिळतो आणि नाव सर्वांत शेवटी. या लघुग्रहाला ‘पंडितजसराज’ हे नाव मिळाले ते सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे सापडल्यापासून जवळजवळ तेरा वर्षांनी. त्याचा क्रमांक ३००१२८ आहे. पंडितजींची जन्मतारीख २८ जानेवारी १९३०; ती उलट क्रमाने लिहिली की हाच आकडा येतो.

संगीत शिकविणाऱ्या आम्हांला या बारशापेक्षा त्याआधीची ती तेरा वर्षे अधिक मोलाची वाटतात. पंडितजींचे आयुष्यही त्याच क्रमाने गेले. चौदाव्या वर्षी त्यांनी तबला सोडून गाणे धरले आणि पहिली मैफल केली ती बाविसाव्या वर्षी. आज मुलाला शिकवणीस घालून वर्ष सरत नाही तोच आईवडील विचारतात, ‘मास्तर, स्पर्धेत कधी बसवता?’ आम्ही त्यांना दोष देत नाही. कौतुकाची घाई कोणाला नसते? पण सूर अजून स्वतःच्या जागी ठरला नाही, तोवर नाव कशाला द्यावयाचे?

दुसरी गोष्ट कलबुर्गीचीच आहे. तेथील गादीवरच्या फिरोजशहा बहमनीने १४०७ साली दौलताबादजवळ वेधशाळा बांधावयास काढली होती. ज्या हकिमाच्या भरवशावर ते काम चालले होते, तो वारला आणि वेधशाळा अपुरी राहिली, असे फिरिश्ता लिहितो. पैसा राजाचा होता, तरी विद्या एकाच माणसापाशी राहिली होती. मोतीरामही असेच अवेळी गेले; पण त्यांचे गाणे थांबले नाही, कारण थोरले चिरंजीव मणिराम यांनी ते उचलले आणि धाकट्या भावाला दिले. जसराजांनीही त्याची जाण ठेवली. वडील आणि बंधू यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९७२ पासून हैदराबादेत दरवर्षी संगीत समारोह भरविला.

१७ ऑगस्ट २०२० रोजी पंडितजी गेले. आकाशातल्या नावाची काळजी ज्योतिर्विद घेतील. आपल्याकडे जो कोणी पेटी पुढे घेऊन चार मुलांना सारेगम सांगत बसला आहे, त्याची काळजी आपणच घ्यावयाची आहे. बीदर-कलबुर्गीकडील जुन्या घरांना आमचे एवढेच सांगणे आहे: मूल शिकावयास पाठवा, आणि मग काही वर्षे त्याला टाळ्यांचा हिशेब विचारू नका.