तुका रामा आणि रामा तुका

ऑगस्ट २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठ्यांना कुणबी दाखले मिळावेत म्हणून उपोषण सुरू झाले. पुढच्याच महिन्यात सरकारने जुन्या कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात कचेऱ्यांमधली जुनी गाठोडी सुटू लागली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कूळ नोंदवह्या, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, सगळे पान न् पान चाळले गेले. तेव्हापासून वाद चालू आहे तो या पानांवरच्या जातीच्या रकान्याचा. मला बोलायचे आहे ते शेजारच्या रकान्याबद्दल, ज्यात नाव लिहिलेले असते. नोंद सापडली म्हणजे आपला पणजोबा सापडला, असे होत नाही. त्या कागदावरचा माणूस आणि आज दाखला मागणारा माणूस यांना जोडते ते गाव, शेत आणि घरातली बाकीची माणसे. आपली तपासणी मात्र नावावर फार विसंबते. नाव सारखे दिसले की वंशावळ जुळली म्हणायचे आणि एक अक्षर वेगळे निघाले की अर्ज अडवायचा, या दोन्ही चुका एकाच समजुतीतून होतात.

आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल जुनी आहे. तुकाचा मुलगा रामा, रामाचा मुलगा तुका, त्या तुकाचा पुन्हा रामा. म्हणजे ‘रामा वल्द तुका’ ही नोंद एकाच घरात पन्नासेक वर्षांच्या अंतराने दोनदा येते आणि माणसे दोन वेगळी असतात. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या घरातही आजोबांचेच नाव पडले, तर एकाच वेळी एकाच गल्लीत दोन तुका वाढतात. जुन्या नोंदींत आडनाव अनेकदा नसतेच आणि असले तरी जाधव, पवार, शिंदे यांनी फारसा उलगडा होत नाही. लिपीची अडचण वेगळीच. मोडीत शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘बिन’ आणि ‘जोजे’ हे शब्द नीट वाचता आले नाहीत तर बापलेक आणि नवराबायको यांची गल्लत होते. निजामाच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चालायचा. त्या लिपीत ‘बाबू’ आणि ‘बापू’ यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा, एक की तीन एवढाच, आणि घाईघाईच्या शिकस्ता वळणात लिहिणारा नुक्ते गाळतच असे. तारीख फसली सनाची. तिच्यात ५९० मिळवल्याशिवाय इसवी साल हाती येत नाही. अशा कागदावरून अक्षराला अक्षर जुळवण्याचा आग्रह धरायचा तरी कशाच्या जोरावर?

हा गुंता एकट्या मराठवाड्याचा नाही. नॉर्वेत गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खेड्यापाड्यांत बापाचे नाव हेच आडनाव होते. उलाचा मुलगा हान्स उल्सेन, हान्सचा मुलगा पुन्हा उला, म्हणून उला हान्सेन; थोरल्या मुलाला आजोबांचे नाव देण्याची रीत तिथेही होती. कायमचे आडनाव कायद्याने १९२३ मध्ये सक्तीचे झाले. पूर्वज शोधणारे तिथे शेताचे नाव पाहतात. माणूस ज्या शेतवाडीवर राहायचा तिचे नाव त्याच्या नावाला जोडले जायचे आणि वाडी बदलली की तेही बदलायचे. ते रक्ताचे नाते सांगत नसे, ठावठिकाणा सांगत असे. गावोगावचे शेतवार इतिहास लिहिले गेले, चर्चची जन्म-विवाह-मृत्यूची पुस्तके पानोपानी स्कॅन करून सर्वांना फुकट खुली झाली. तिथली बाई लग्नानंतरही बापाच्याच नावाने नोंदली जायची, ही आणखी एक सोय. आपल्याकडे ‘काशीबाई भ्रतार रामा’ एवढेच उरते आणि माहेरची वाट बुजते.

शेताचा आधार आपल्याकडेही आहे. एकाच काळात दोन रामा तुका असले तरी दोघांचा सर्व्हे नंबर सहसा एक नसतो, चतुःसीमा एक नसते. एकाच्या बांधाला पूर्वेला ओढा असतो, दुसऱ्याच्या बांधाला देवस्थानची जमीन. जुना सर्व्हे नंबर एकत्रीकरणानंतरच्या गट नंबराशी जोडायचा, मधले फेरफार लावायचे, वारसांची नावे क्रमाने मांडायची, की आजच्या सातबाऱ्यापासून माणूस मागे जात राहतो. त्यासाठी ‘कुणबी’ हा शब्द असलेले पान तेवढे उचलून भागत नाही. भावाचे, चुलत्याचे, बांधशेजाऱ्याचे पानही लागते, मग त्यावर जात लिहिलेली असो वा नसो. म्हणून गावाची पुरी वही, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, स्कॅन होऊन खुली झाली पाहिजे आणि तिची सूची नावाआधी गावावर आणि सर्व्हे नंबरावर बांधली पाहिजे.

यावर रास्त आक्षेप येईल की ज्याला शेतच नव्हते त्याने काय करायचे? सालगड्याचे, बटईदाराचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याने नावाची बाजू बळकट होत नाही, ठिकाणाचीच होते. भूमिहीनाचे गाव असते. तिथल्या गाव नमुना १४ मध्ये त्याच्या घरातले जन्म-मृत्यू असतात, शाळेत पोर घातले असेल तर पालकाचे नाव असते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत गावाच्या आणि आडनावाच्या वाटेनेच घराण्याच्या पिढ्या सापडतात. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहाय्यक कृषी अधिकारी यांची गावपातळीवरची समिती नेमून चौकशी गावात नेली, ही दिशा मला योग्य वाटते. ज्या हैदराबाद गॅझेटियरचा तो आधार घेतो, त्यात जातवार आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. म्हणून कोण कोणाचा पणतू हे शेवटी गावातल्या कागदांवरूनच ठरणार.

दुसरा आक्षेप असा की एवढी बारीक तपासणी म्हणजे गरिबाला हेलपाटे. आजही तो हेलपाटेच घालतो: मोडी वाचणारा शोध, उर्दू वाचणारा शोध, लिप्यंतराचे पैसे दे, मग ‘बाबू’चा ‘बापू’ कसा झाला त्याचे प्रतिज्ञापत्र कर. वही उघडून, वाचून, गावावर सूची लावून ठेवण्याचे काम सरकारने एकदा केले तर ते प्रत्येक अर्जदाराच्या मानगुटीवरून उतरते, मग तो मराठा असो, धनगर असो की आणखी कोणी. कागद ठिसूळ होत चालले आहेत आणि मोडी आणि शिकस्ता वळणाची उर्दू सराईतपणे वाचणारी माणसे थोडीच उरली आहेत. सुरुवात जालना जिल्ह्यातल्याच अंबड आणि परतूर तालुक्यांतल्या एकेका गावापासून करता येईल.